सिद्धेश्वरबुवांचं बाड

या, जरा सरकून बसा. टाळ क्षणभर खाली ठेवा. आज पुराणातली नाही, धारूरात एका लाल फडक्यात बांधलेली गोष्ट सांगतो. शेवट गोड नाही, तेवढं आधीच सांगून ठेवतो.

युसूफ वडगावची शिवानी अमेरिकेच्या इतिहासात पीएचडी करत होती. विषय होता तिकडचं यादवी युद्ध आणि आपल्याकडचा कापूस. तिकडे भाऊबंद एकमेकांवर उठले, गुलाम राबायचे त्या मळ्यांतला कापूस तिकडेच अडकून पडला आणि इकडे आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. एवढं पुस्तकांत होतं. पण त्या गुलामांसाठी इथल्या कुणाचा जीव कळवळला होता का? तिला तेच शोधायचं होतं. मार्गदर्शक सरांनी बजावलं होतं, "मूळ कागद आण, नाहीतर ते प्रकरण गाळ."

कागद निघाला धारूरच्या मुंजाजीबाबांच्या देवघरात. त्यांच्या खापरपणजोबांचं, सिद्धेश्वरबुवांचं बाड. म्हणजे कीर्तनासाठी हातानं लिहिलेली जाडजूड वही.

"अमेरिकेचा इतिहास अन् धारूरला आलीस?" बाबा म्हणाले. "तिथं काय उरला न्हाई का?"

"तिथून तुमचाच पत्ता दिला, बाबा."

बाबा लई हसले. तिला पाय धुवायला लावले, मग फडकं सोडलं. शिवानी मोडी शिकलेली. अभंगांच्या मधेच, शके सतराशे सत्त्याऐंशीचं, म्हणजे ते युद्ध संपलं त्या अठराशे पासष्ट सालचं, एक पान होतं. ती मोठ्यानं वाचू लागली.

"समुद्रापलीकडे माणसे बाजारात विकीत, ती सुटली, असे व्यापारी सांगतो. आपल्या कापसाचा भाव उतरला. उतरो. त्यांची नावे ठाऊक नाहीत, सबब निरूपणाआधी त्यांच्यासाठी एकदा विठ्ठल म्हणावे."

तिनं फोन काढला.

"देवघरात फोन न्हाई," बाबा म्हणाले.

तिनं ताणलं नाही. विद्यापीठाचं पत्र आणू, मग नीट फोटो काढू, असं ठरवून उठली. निघताना म्हणाली, "बाबा, हे देवासारखं जपा."

"ते काय सांगावं लागतंय का?"

पत्र मिळायला दोन महिने गेले. ती परत आली तेव्हा फडकं धुऊन दोरीवर वाळत होतं.

"वाळवी लागली, बाई. अर्धी पानं खाल्ली. खंडित झालेला देव कोण घरात ठेवतंय? हळदकुंकू वाहिलं अन् माजलगावच्या धरणात सोडलं. मी सोता गेलतो."

"ते पान?"

"ते शाबूत होतं. पर एकच पान ठेवायचं म्हंजी देवाचा हात मोडून ठेवल्यागत." बाबा तिच्याकडे बघत राहिले. "कावून गं? चुकलं का माझं?"

शिवानीनं नाही म्हणून मान हलवली. देवासारखं जपा, हे तिचेच शब्द होते.

तिनं आठवून लिहिलं. सर म्हणाले, आठवण म्हणजे पुरावा नव्हे. प्रकरण गळलं. पुढं प्रबंध मान्य झाला, तिच्या नावापुढं डॉक्टर लागलं. त्या तीनशे पानांत बुवांचं नाव एकदाही नाही. माजलगावावरून जाताना ती अजून पाण्याच्या बाजूला बसत नाही.

आता टाळ उचला. पण निरूपणाआधी, ज्यांची नावं बुवांना ठाऊक नव्हती त्यांच्यासाठी एकदा विठ्ठल म्हणा. आणि सिद्धेश्वरबुवांची आठवण ठेवा. त्यांचा कागद आता कुठंच नाही.