टाच टेकली

नवऱ्याने तीस वर्षं रोड रोलर चालवला होता. गेल्या वर्षी पक्षाघाताचा झटका आला आणि त्याचा डावा पाय लाकडासारखा ताठ झाला. टाच म्हणून जमिनीला टेकेना. भिंतीला धरून तो पाय ओढत चालायचा. बायको शिवणकाम करणारी. मालिश, शेक सगळं करून दमली, तेव्हा कुठे तिने त्याला फिजिओथेरपीसाठी आणलं.

तिथल्या डॉक्टरबाईंनी त्याच्या पोटरीवर एक छोटं यंत्र टेकवलं. ते घुर्रर्र करत थरथरू लागलं.

"घ्या! जन्मभर रोलरवर हादरे खाल्ले, ते कमी पडले वाटतं!"

"ते कंबरेने खाल्लेत, काका," डॉक्टरबाई हसल्या. "हे पोटरीला. स्नायू थोडा वेळ सैल होईल, तेवढ्यात चालून घ्यायचं. तुमच्याऐवजी यंत्र काही चालणार नाही."

त्या दिवशी दहा मीटर चालायला एकतीस सेकंद लागले. बायकोने गिऱ्हाइकांच्या मापांच्या वहीत मागच्या पानावर आकडा टिपला.

आठवड्यातून तीनदा फेऱ्या सुरू झाल्या. पाचव्या आठवड्यात आकडा सत्तावीसवर अडला आणि स्वारी रुसली. सकाळी चप्पल घालायलाच तयार नाही.

"अगं, पुरे झालं आता. हे असंच राहणार."

ती दारात उभी राहिली. "अहो, रोलर कधी घाईने चालवलात का?"

"छे! घाई केली की रस्त्याला लाटा पडतात."

"मग?"

त्याने तिच्याकडे पाहिलं आणि काहीतरी पुटपुटत चप्पल ओढली.

दहाव्या आठवड्यात ती खोलीच्या टोकाला बसली होती. कानावर वेगळाच आवाज आला. आधी टाच, मग चवडा. एकोणीस सेकंद!

"कमाल केलीत, काका," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"कमाल हिची. माझ्यापेक्षा हट्टी आहे."

पुढच्याच रविवारी रोलरच्या शेडमध्ये जुन्या सहकाऱ्याचा निरोप समारंभ होता. फाटकातून दोघांना येताना पाहून मुकादम हात द्यायला धावला.

"राहू द्या, भाऊ," ती म्हणाली. "येतात ते."

शेडमधली सगळी माणसं उठून उभी राहिली. तो सावकाश, कुणाचाही आधार न घेता चालत गेला. ती दोन पावलं मागे होती, मान ताठ ठेवून.