महामार्गाकडे तोंड केलेलं घर

आमच्या घराला गावाकडून दारच नव्हतं. पाहुणे यायचे, गल्लीत उभे राहून आमची पांढरी भिंत बघायचे आणि विचारायचे, "तात्यारावांचं घर कोणतं ओ?" मग कुणीतरी सांगायचं, "हेच की. पण दार तिकडून हाय, वळसा घालून जा." वळसा म्हणजे मारुतीच्या देवळापासून खाली, पाण्याच्या टाकीला लागून, दोन उकिरड्यांच्या मधून वर. मला बघायला आलेल्या पहिल्या पाहुण्यांचा अर्धा उत्साह त्या चिखलातच राहिला होता.

हे सगळं डोकं माझ्या वडिलांचं. परभणी शहराच्या बाहेरून मोठा महामार्ग निघणार आणि तो आमच्या परसाला लागून जाणार, ही बातमी आली तेव्हा मी दहावीला होते. मोजणीवाले आले, दगड रोवून त्यांना पिवळा रंग देऊन गेले. तात्यांनी त्यांना चहा पाजला, आणि त्या चहाच्या जोरावर रस्ता आपणच मंजूर करून आणला असं त्यांना वाटायला लागलं. नेमकं तेव्हाच आमचं जुनं मातीचं घर पाडून नवं बांधायचं चाललं होतं. तात्यांनी घरच फिरवलं. तोंड महामार्गाकडे, पाठ गावाकडे. पुढच्या खोलीला शटर लावलं. हॉटेल काढायचं की टायरचं दुकान, ते रस्ता झाल्यावर ठरणार होतं. रस्ता गावापेक्षा जरा वर असणार म्हणून घराचं जोतंही भर घालून उंच घेतलं.

आता घराची पाठ म्हणजे नुसती भिंत नसते. पाठीला मोरी असते. आमच्या न्हाणीचं पाणी भिंतीतल्या नळीतून गल्लीत पडायचं, ते सगुणामावशीच्या दारासमोर.

सगुणामावशी ही आईची मैत्रीण. दोघी एकाच उन्हाळ्यात लग्न होऊन या गल्लीत आल्या, समोरासमोरच्या दारांत. आई आपल्या ओट्यावर मेथी निवडायची, मावशी तिच्या ओट्यावर शेंगा फोडायची आणि मधल्या गल्लीतून दिवसभर गप्पांची ये-जा. मावशीचा नवरा लवकर गेला, तेव्हा ती वर्षभर आमच्याच चुलीपाशी बसून जेवली. तिचा मुलगा आदिनाथ माझ्या आईच्या हातचं खाऊन मोठा झाला आणि पुढे पूर्णेला रेल्वेत लागला.

भिंत उभी राहत होती तेव्हा मावशीला वाटलं, दार सोडतील. गिलावा झाला आणि भिंतीतून नुसती मोरीची नळी बाहेर आली, तेव्हा ती वळसा घालून आमच्या नव्या दाराशी आली. आत मात्र आली नाही.

"भावजी," ती तात्यांना म्हणाली, "मला पाठ दाखवली व्हय?"

"तसं न्हाई वैनी. समोरासमोर दोन दारं आली की लक्ष्मी एका दारानं येती आन दुसऱ्या दारानं जाती. मिस्त्रीबी तेच म्हनला. रस्ता होऊ द्या, दुकान चालू द्या, मग बघू."

"बरं. माझ्याकडं दार झालं की सांगा. तवाच पाय टाकीन तुमच्या घरात."

मावशी शब्दाची पक्की. माझ्या लग्नात मांडवात राबली, पण घरात आली नाही. आई आणि ती नळावर भेटायच्या, कापूस वेचताना भेटायच्या, देवळात भेटायच्या. पण भेट ठरवून घ्यावी लागते आणि ओट्यावरच्या गप्पा ठरवून होत नाहीत. तात्यांशी तर ती बोलेनाशीच झाली. आई दर सणाला तात्यांना म्हणायची, "एक दार पाडा ओ. लहानसंच." तात्यांचं उत्तर ठरलेलं, "रस्ता होऊ दे."

आणि रस्ता काही होईना. पहिला ठेकेदार मुरमाचा ढीग टाकून पळाला. दुसरा आला, त्याच्या यंत्रांची पूजा झाली, तोही गेला. मध्ये कोर्ट झालं, निवडणुका झाल्या, मुरमावर बाभळी उगवल्या आणि त्यांच्या शेंगा शेळ्यांनी खाल्ल्या. गावात कुणाला काही टाळायचं असलं की लोक म्हणायचे, "तात्यारावाचा रस्ता झाला की करू." तात्या ऐकायचे आणि शटरला वंगण घालायचे. मला त्यांचा राग यायचा. वाट बघायचीच तर माणसाची बघावी, डांबराची कसली बघायची! पण हे मी वालूरला, सासरी बसून म्हणायचे. त्यांच्या तोंडावर म्हणायची माझी छाती नव्हती.

शेवटी दोन वर्षांपूर्वी खरंच टिप्पर आले. तात्या धुतलेला सदरा घालून दारात खुर्ची टाकून बसले. मुरूम पडायला लागला. पडला, दाबला, परत पडला. शटरच्या वर गेला, पत्र्याच्या वर गेला, तरी थांबेना. मग कुणीतरी विचारलं तेव्हा कळलं की पुढे रेल्वेच्या रुळांवरून पूल जाणार आहे आणि त्याचा चढ आमच्यापासूनच सुरू होतो. इतकी वर्षं ते पिवळे दगड बघून सगळ्या गावाला रस्त्याची रुंदी पाठ होती. उंची कुणी विचारलीच नव्हती.

मी माहेरी आले तेव्हा आमच्या पुढच्या दारात उभं राहिलं की समोर लाल भिंत होती. गावाकडे पाठ आणि तोंडासमोर मुरूम. मला आधी हसू आलं आणि मग तात्यांकडे बघून फार वाईट वाटलं. ते म्हणाले, "खालून सर्व्हिस रोड हाय की. साहेबच म्हनला."

"आता तरी मागं दार पाडा," आई म्हणाली.

"सर्व्हिस रोड होऊ दे."

त्याच उन्हाळ्यात मावशीचे गुडघे गेले. आदिनाथ जीप घेऊन तिला पूर्णेला न्यायला आला. आईला भिंतीपलीकडून जीपचा आवाज आला, तशी ती देवळाकडून वळसा घालून धापा टाकत पोचली. दोघी आमच्याच मोरीच्या पाण्यात उभ्या राहून एकमेकींचे हात धरून रडल्या. मावशी जीपमध्ये बसताना म्हणाली, "दार झालं की फोन कर गं केशर."

दिवाळीला मी माहेरी होते तेव्हा आदिनाथचाच फोन आला. मावशी जेवत नाही, काकू, तुमी बोला तिच्याशी, म्हणाला. आईनं फोन कानाला लावला. पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"झालं का गं दार?"

आईनं तात्यांकडे बघितलं. ते चहात बटर बुडवत होते. "झालं की," आई म्हणाली. "कवाच झालं. ये तू."

माझ्या आईला मी जन्मात खोटं बोलताना ऐकलं नव्हतं. तात्यांनीही नसावं. त्यांनी कप तसाच ठेवला, गोठ्यातून पहार आणली आणि आतून भिंतीवर घाव घालायला सुरुवात केली. गल्लीत विटा पडायला लागल्या तशी माणसं जमली. "तात्याराव, सर्व्हिस रोड आला वाटतं!" कुणीतरी ओरडलं. तात्यांनी वर बघितलं नाही. अंगाला घाम, मिशीवर सिमेंट. मला त्या दिवशी माझा बाप फार आवडला.

चौकट बसली, गिलावा झाला, आईनं दाराला झेंडूचं तोरण बांधलं. आठवडाभरात आदिनाथ मावशीला घेऊन आला. जीप गल्लीत थांबली. आई नव्या दारात उभी होती, हातात भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या, मावशीवरून ओवाळून टाकायला. मावशी काठी टेकत दारापाशी आली आणि थांबली. तेव्हा कुठं आम्हा सगळ्यांना दिसलं.

दाराचा उंबरा तिच्या कमरेएवढा उंच होता. महामार्गाच्या मापानं जोतं उंच घेतलं होतं ना! तात्यांनी भिंत आतून फोडली, आतल्या फरशीला धरून दार बसवलं, आणि आठवडाभर आम्ही घरातूनच त्या दाराकडे कौतुकानं बघत होतो. गल्लीत उभं राहून आमच्यापैकी कुणी बघितलंच नव्हतं, आणि गल्लीतल्या कुणी बोलून दाखवलं नव्हतं. नेहमी समोरच्या दारातून बघणारी ती एकच, आणि ती पूर्णेला होती.

"आम्ही खुर्चीत बसवून उचलतो मावशी," मी म्हणाले. आदिनाथ पुढे झाला.

"नगं," मावशी म्हणाली. "उचलून न्ह्यायला मी काय मढं हाय? माझ्या पायानं येईन." तिनं काठी टेकून एक पाय उचलायचा प्रयत्न केला. पाय वीतभर उचलला गेला आणि खाली आला. मग ती हसली. "र्‍हाऊ दे. दार लय झ्याक झालं बघ."

आईनं तांब्या ठेवला, उंबऱ्यावर बसली आणि लहान पोरीसारखी घसरत खाली गल्लीत उतरली. दोघी मावशीच्या ओट्यावर जाऊन बसल्या, संध्याकाळपर्यंत बोलत होत्या. तात्या दारात उभे होते. मी त्यांच्या हातात चहाचे कप दिले. ते वाकून त्यांनी आदिनाथकडे दिले, पण मावशीशी एक शब्द बोलले नाहीत.

त्याच संध्याकाळी मावशी पूर्णेला परतली, आणि दुसऱ्या दिवसापासून तात्यांनी पायऱ्यांना हात घातला. गवंडी नको म्हणाले. पायऱ्या बुटक्या हव्यात म्हणून आईला प्रत्येक पायरीवर चढायला-उतरायला लावलं. कडेला धरायला लोखंडी नळी बसवली. मोरीचं पाणी दुसरीकडून काढलं. काम झाल्यावर आईनं पूर्णेला फोन लावला.

"सगुणा, पायऱ्या झाल्या गं."

पलीकडून हसण्याचा आवाज आला. "झाल्या? दारबी असंच कवाच झालं हुतं व्हय? गिलावा वला हुता गं केशर. मला काय दिसत न्हाई?"

"न्हाई गं बाई, शप्पत! आता खरंच झाल्या."

"बरं बरं. थंडी सरू दे, मग बघू."

आईनं फोन तात्यांसमोर धरला. "तुमी सांगा. तुमी बोलला तर लगेच येईल ती."

तात्यांनी हात मागे घेतले. "आली की बोलतो की," ते पुटपुटले.

थंडी सरायच्या आत मावशी गेली. आईनं पायऱ्यांचं खरं सांगितलं होतं, ते तिला शेवटपर्यंत खोटंच वाटलं असेल. अंत्यविधी पूर्णेलाच झाला. आम्ही जाऊन आलो. त्याच महिन्यात महामार्ग सुरू झाला. वरून गाड्या जातात, आम्हाला दिसत नाहीत, नुसते हॉर्न ऐकू येतात. सर्व्हिस रोड मंजूर आहे म्हणतात.

पूर्णेहून आल्यावर दुसऱ्या सकाळी तात्या मागच्या पायरीवर जाऊन बसले. समोर मावशीच्या दाराला कुलूप. मग घसा खाकरून, समोर माणूस असल्यासारखे मोठ्यानं म्हणाले, "वैनी, पायऱ्या झाल्या बरं का. या आता."

गल्लीत नळाला बाया होत्या, देवळाकडून दोघं-तिघं येत होते. एरवी तात्यांची चेष्टा करायची एकही संधी न सोडणारी ही माणसं. त्या दिवशी कुणी हसलं नाही. आई आत भाकरी थापत होती. तिला ऐकू गेलं होतं, पण ती बाहेर आली नाही.