मोकळा वारा

सोमाने पान्हा उगारला तेव्हा भातगिरणी चालूच होती. थोरला भाऊ गोजर पाठमोरा उभा राहून वरच्या पेटीत भात ओतत होता. पहिला घाव खांद्यावर बसला. गोजर वळला, तसा दुसरा टाळूवर.

टोकावड्याच्या त्या गिरणीत भात भरडायला आलेल्या बायका पाट्या तिथंच टाकून बाहेर पळाल्या.

सोमा मुरबाडच्या सरकारी दवाखान्यातून नुकताच आला होता. सकाळी सांडलेले तांदूळ झाडताना त्याच्या बायकोचा, संध्याचा पाय घसरला. तोल सावरायला टेकलेला हात मोटरच्या पंख्यात गेला आणि दोन बोटं तुटली. मोटर थंड ठेवणाऱ्या त्या पंख्यावर भोकांचं लोखंडी झाकण होतं. भोकांत तूस अडकून मोटर तापायची. रोज कोण साफ करत बसेल, म्हणून गोजरने ते उपटून परसात फेकलं होतं. मोटरला मोकळा वारा लागू दे, म्हणाला. झाकण असलं तरच वारा मोटरच्या अंगावरून वाहतो, नाहीतर बाजूला उडून जातो, असं सोमाने परोपरीने सांगून पाहिलं. संध्याने झाकण उचलून आणून थोरल्या दिरापुढे ठेवलं. गोजर नुसता हसला. झाकण पुन्हा परसात गेलं आणि कोंबड्या त्यात बसू लागल्या.

गोजर अंगाने दुप्पट. त्याने सोमाचा गळा धरून त्याला पोत्यांवर आपटलं, गुडघ्याने छाती दाबली. सोमाच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. हाताला तुसाची मूठ लागली ती त्याने भावाच्या डोळ्यांत कोंबली, त्याला उलथवलं आणि केसांना धरून पंख्याकडे फरफटत नेलं. रक्ताने घसरत गोजर वीतभर अंतरावर आला. पंख्याच्या वाऱ्याने त्याचे मोकळे केस उडू लागले. मग अचानक त्याने हातपाय ताणणं सोडलं आणि डोळे मिटून घेतले.

पात्यांच्या मुळाशी हिरव्या काकणाचा तुकडा अडकून फिरत होता. सोमा त्याकडे बघत राहिला. मग त्याने भावाला मागे खेचलं आणि उठून खटका पाडला.

पट्टा फडफडत थांबला. दोघं बराच वेळ धापा टाकत बसले. शेवटी सोमाने आपला टॉवेल गोजरच्या डोक्याला करकचून बांधला आणि रस्त्यावर जाऊन जीप थांबवली.

दवाखान्यात सकाळच्याच डॉक्टरीणबाई होत्या. टॉवेल सोडत त्यांनी हे कसं झालं म्हणून विचारलं.

"मोटरचा पंखा लागला," गोजर म्हणाला.

"थेट टाळूवर?"

"वाकलो व्हतो."

बाईंनी सोमाच्या फाटक्या सदऱ्याकडे, गळ्यावरच्या वळांकडे पाहिलं. पोलिसांना कळवायचं का, असं त्यांनी सोमालाच विचारलं.

पलीकडच्या खाटेवर संध्या हाताचं बोचकं उशीवर ठेवून पडली होती. ती झोपलेली नव्हती.

"पंखाच लागला, बाई," ती म्हणाली. "आमच्या पंख्याला झाकण नाय. भावजींनी काढून टाकलंय."

गोजरने मान खाली घातली. टाके घालायला बाईंना ती तशीच हवी होती.