हेल्वीचं रान

"यंत्राच्या जवळ यायचं नाही, आजी. झाड पडताना तुम्ही मला दिसणारसुद्धा नाही."

हेल्वी गुडघाभर बर्फात उभी होती. वाटाण्याचं सूप तयार आहे, एवढंच सांगायला ती घरापासून इथवर आली होती. तोडणीच्या यंत्रात ताउनोच असेल, असं ती धरून चालली होती. दर हिवाळ्यात तोच यायचा.

"ताउनो कुठंय?"

"त्यानं काम सोडलं. पाठ गेली त्याची. लेकीकडे राहतो आता. मी साइला."

"सूप केलंय."

"माझा डबा आहे," म्हणत साइलानं काच वर केली.

नवरा गेल्यापासून हेल्वी रानातली झाडं विकत होती, पण तुकड्यातुकड्यानं. एकदाच काय ते तोडून टाका, म्हणून लाकूड कंपनीचा माणूस फोनवर वैतागायचा. ती दाद द्यायची नाही. सगळं एकदम तोडलं असतं, तर पुढच्या हिवाळ्यात ताउनो कशाला आला असता? तो जेवायला बसला की गावातल्या एकेकाची उणीदुणी काढायचा, मागून घेऊन जेवायचा. तिचा मुलगा स्वीडनमध्ये होता. नाताळला फोन करायचा.

दुसऱ्या दिवशी साइला आपणहून दारात आली. बूट न काढता उंबऱ्यावरच थांबली.

"आजी, हे ओंडके चिरणारी तळ्यापलीकडची सॉमिल बंद होतेय, महिन्या-दोन महिन्यांत. मग एवढ्याशा तुकड्यासाठी इतक्या लांब यंत्र कोण पाठवणार? राहिलेलं आत्ताच तोडायचं का, तेवढं सांगा. नाहीतर ते उभंच राहील."

राहिलेलं म्हणजे घरामागची स्प्रूसची झाडं. लग्नानंतर दोघांनी लावलेली. तो कुदळीनं खड्डा करायचा, ती रोप हातात द्यायची.

"सगळं तोडायला किती दिवस लागतील?"

"आठवडा. वर बर्फ पडला तर जास्त."

"मग तोड."

"नीट विचार करा. मला घाई नाही."

"केला विचार. पण दुपारचं इथं जेवायचं. यंत्रात बसून खायचं नाही."

साइलानं हातमोजे काढले. मग वाकून बुटांच्या नाड्या सोडू लागली.

ती ताउनोसारखी बोलकी नव्हती. एकदा म्हणाली, "आज मीठ जास्त पडलंय." किती वर्षांत हेल्वीच्या हातच्या मिठाबद्दल कुणी बोललं नव्हतं. तिला बरं वाटलं.

"सॉमिल गेल्यावर तू काय करणार?"

"उत्तरेला जाईन. तिकडे काम आहे म्हणतात."

यंत्र गेलं. ओंडक्यांचा शेवटचा ट्रकही गेला. घर चहूबाजूंनी उघडं पडलं. संध्याकाळी भांडी घासताना हेल्वीला तळ्यापलीकडे पिवळ्या दिव्यांची रांग दिसली. सॉमिलच्या आवारातले दिवे. इतकी वर्षं ते झाडांनी झाकलेले होते. तेव्हापासून ती खिडकीशी बसूनच जेवू लागली. पलीकडे आता पाळी बदलत असेल, कुणीतरी कॉफी ओतत असेल, असं मनात यायचं.

मार्चमधल्या एका संध्याकाळी चांगला अंधार पडला तरी ते दिवे लागले नाहीत. हेल्वीनं ताट पुढ्यात ठेवून थोडा वेळ वाट पाहिली. मग उठून आपल्या खिडकीतला दिवा लावला, आणि जेवायला बसली.