चिनी अक्षर, औशाचं घंगाळ

"ह्याला कान हायत, पोट हाय, पाय हायत. अक्षर हाय का जनावर?" महानंदाअज्जी वहीवर इतकी वाकली होती, की तिच्या चष्म्यात मला मीच दिसलो. "आन् घंगाळाचं चित्र कशाला काढायलीस गं? उद्या मोडीत चाललंय ते लातूरला. अज्जांनी सांगितलंय."

मित्रांनो, मी एक जुनं चिनी अक्षर आहे. असा दिसतो: 鼎. 'तिंग' असं काहीसं म्हणतात मला. औशाला आलो तो शाळेच्या भित्तिपत्रकामुळे. पाचवीतल्या दामिनीनं जगातल्या लिप्यांमधून मलाच उचललं. कारण काय, तर मी तिच्या घरच्या घंगाळासारखा दिसतो!

खोटं नाही ते. मी मुळात चित्रच. तीन हजार वर्षांहून आधी कुणीतरी हाडावर एक भांडं कोरलं. वर दोन कान, मध्ये पोट, खाली पाय. भांडं आधी मातीचं होतं, मग काशाचं झालं. पूर्वजांच्या पूजेला त्यात मांस शिजायचं. (हे महानंदाअज्जीला मी कळू दिलेलं नाही. घर लिंगायतांचं.) पुढे ते राजांकडे गेलं आणि माझा अर्थ राज्यसत्ता झाला. ते भांडं किती जड, असं नुसतं विचारलं तरी लोक समजत, ह्याचा डोळा गादीवर आहे! चीनच्या दक्षिणेला मात्र अजून साध्या कढईला माझं नाव आहे. तो मान मला जास्त आवडतो.

त्या भांड्यांच्या पोटात लेख असत. कुणी, कुणासाठी घडवलं ते. शेवटी बहुधा एकच मागणं: लेकरानातवंडांनी हे कायम वापरावं. लोक त्यावर कागद लावून ठसा घेतात आणि वाचतात. हे पुस्तकात वाचून दामिनीचे डोळे चमकले.

घरातलं तांब्याचं घंगाळ तिवईवर असे. त्याची एक बाजू सदा भिंतीकडे. अज्जी पुसायची तीसुद्धा न फिरवता. मला नवल वाटे.

दामिनीनं ते फिरवलं. माझंच पान त्यावर धरून पेन्सिल आडवी घासली. माझ्या पायाशी ठिपक्याठिपक्यांची पांढरी अक्षरं उगवली: 'चि. सौ. कां. अंजूस, आई-अप्पांकडून.'

"अंजू कोण गं अज्जी?"

"कुकर झाला वाटतं," म्हणत अज्जी आत गेली. कुकर लावलेलाच नव्हता.

ईश्वरप्पाअज्जांनी पेपर तोंडासमोर धरला. "दुकानदारानं चुकून दुसऱ्याचं नाव टाकलं असंल."

"आन् आई-अप्पा पण दुसऱ्याचेच का? तुम्हाला तर बाबा अप्पाच म्हणतात."

"मोडीत गेलं की मिटलं."

"पण अज्जा, लेकरांनी वापरावं म्हणून लिहितात की! हे तर कुणी वापरलंच न्हाई. आतून नवं हाय."

मित्रांनो, आम्हा अक्षरांना काचेचं कपाट नको असतं. घासून लख्ख केलं नाही तरी चालेल. फक्त भिंतीकडे तोंड करून ठेवू नका, आणि दिसलो तर मोठ्यानं वाचा.

पेपर खाली आला. अज्जांनी माझं पान हातात घेतलं. अज्जी दारात उभी, हातात नुसती कुकरची शिटी.

"तुझी आत्या हाय," अज्जा म्हणाले. "आपल्या मनानं लगीन केलं तिनं. जिनं हे वापरायचं, तिला सात वर्सं मीच उंबरा चढू दिला न्हाई."