पाहुण्यांपुढे आणायचं कुत्रं

“हे कुत्रं सकाळपासून तिसऱ्यांदा आलंय,” डॉक्टर म्हणाले.

टेबलावर उभ्या असलेल्या तपकिरी कुत्र्याने शेपटी हलवली. निदान त्याला तरी ओळख पटल्याचा आनंद झालेला दिसला. त्याला धरून उभी असलेली बाई मात्र समुद्राकडे बघू लागली.

“बेट लहान आहे, डॉक्टरसाहेब,” शेजारी उभे असलेले मास्तर म्हणाले. “इथली कुत्री एकमेकांसारखीच दिसतात. माणसंसुद्धा दिसतात. आता माझा मेहुणा घ्या आणि धक्क्यावरचा हमाल घ्या...”

“मास्तर, त्याच्या पायाला मी मघाशी चिकटवलेला कापूस आहे.”

मास्तरांनी कापसाकडे पाहिलं. कापूस दोन्ही पायांना होता. मेहुण्याचं उदाहरण त्यांनी अर्धवटच सोडलं.

खरं तर हे प्रकरण कधी उघडकीला आलंच नसतं. दर वर्षी समुद्र जरा माणसात आला की डॉक्टर बोटीने या बेटावर यायचे. शाळेच्या व्हरांड्यात टेबल मांडायचे, गावातल्या कुत्र्यांना लस टोचायचे आणि रोगाचा माग लावण्यासाठी त्यांचं रक्त घ्यायचे. मदतीला मास्तर. कुत्र्याला सुई दिसली की ते चावतं. दिसली नाही तर ते विचार करत उभं राहतं. म्हणून मास्तर आधीच कुत्र्याच्या डोक्यावर पोतं टाकायचे. त्यामुळे इतकी वर्षं डॉक्टरांनी या बेटावरच्या एकाही कुत्र्याचं तोंड पाहिलं नव्हतं.

यंदा पोतं नव्हतं. आदल्या दिवशी झऱ्याच्या वाटेवर मास्तरांना एक मेलेलं खोकड सापडलं आणि ते त्यांनी त्याच पोत्यात घालून आणलं. खोकड आता मासळीच्या गोदामात बर्फावर पडलं होतं. न जाणो, रोगाने मेलेल्या जनावराचं पोतं पुन्हा कुत्र्यांच्या तोंडावर नको, असं डॉक्टर म्हणाले आणि गावाचं पितळ उघडं पडलं.

“रागावणार नसाल तर सांगते,” ती बाई म्हणाली.

“नाही रागावत.”

“हे मास्तरांचं कुत्रं. अंगानं भरलेलं आहे, केस चकचकीत आहेत. सगळे हेच घेऊन येतात. तशी अजून चार-पाच आहेत बरी. आदल्या दिवशी आम्ही साबणानं धुतो.”

“आणि तुमचं स्वतःचं?”

“ते घरी.”

“का?”

बाईला या प्रश्नाचं खरोखर आश्चर्य वाटलं. “अहो डॉक्टर, तुम्ही एवढ्या लांबून येता. बोटीत उलट्या करत येता. आणि तुमच्यापुढे नाक गळणारं, खरजुलं कुत्रं आणून उभं करायचं? बरं दिसतं का ते?”

डॉक्टर खुर्चीत बसले. या बेटावरच्या कुत्र्यांच्या प्रकृतीवर त्यांनी एक निबंध लिहिला होता. कुत्री असाधारण निरोगी आहेत, त्यांच्या रक्तातली प्रतिकारशक्ती थक्क करणारी आहे आणि याचं श्रेय बहुधा खाऱ्या वाऱ्याला द्यावं लागेल, असं त्यात म्हटलं होतं. तो एका परिषदेत वाचला तेव्हा लोकांनी टाळ्याही वाजवल्या होत्या. त्या टाळ्या आता या तपकिरी कुत्र्याला पोचत्या करायला हव्या होत्या. ते कुत्रं इतक्यांदा लस घेऊन बसलं होतं की जगातल्या कुठल्याही रोगाची त्याच्या वाटेला जायची छाती झाली नसती.

पण डॉक्टर या बेटावर कुत्र्यांसाठी येतच नव्हते. ते येत होते खोकडांसाठी.

हे मांजराएवढं, राखाडी पाठीचं खोकड या एका बेटावर सोडून पृथ्वीच्या पाठीवर कुठेही नव्हतं. गाव त्याला सरसकट कोल्हा म्हणे आणि कोंबडी गेली की शिव्या देई. डॉक्टरांनी मात्र त्याच्यावर हयात घालवली होती. त्यांची बायको म्हणे, “आमच्या लग्नाची तारीख यांना आठवत नाही, पण कुठल्या खोकडाचा कुठला दात पडलाय ते पाठ आहे.” इतक्या थोड्या जनावरांत एखादा रोग शिरला तर एका हंगामात खेळ खलास, म्हणून कुत्र्यांना लस द्यायची. कुत्री म्हणजे बेटाची वेस. वेशीवर पहारा असला की आत चोर शिरत नाही. इतकी वर्षं डॉक्टरांनी हा पहारा नेमाने बसवला होता. फक्त पहारेकरी पाच-सहाच होते आणि तेच फिरून फिरून हजेरी देत होते.

“चला,” ते मास्तरांना म्हणाले. “मला घरातली दाखवा.”

मास्तर पुढे झाले. त्यांची मान खाली होती. पहिल्या घरामागच्या खुराड्यात एक कुत्री पडली होती. नाकावर वाळलेली खपली, डोळे चिकटलेले. तोंडात काही नसताना ती सारखी काहीतरी चावत होती. दुसऱ्या घरी जिन्याखाली दोन. तिसऱ्या घरच्या माणसाने सांगितलं की त्याचं बरं आहे, फक्त ते उभं राहिलं की पडतं.

“डिस्टेंपर,” डॉक्टर म्हणाले.

“भिंतीला लावतात तो?” त्या माणसाने विचारलं.

“नाही. तो निघतो.”

“औषध असेल ना?”

“झाल्यावर नाही. आधी लस असते.” डॉक्टर थांबले. लस व्हरांड्यातल्या पेटीत होती आणि पेटी अजून अर्ध्याहून जास्त भरलेली होती.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. थंडीच्या आधी कोणीतरी बोटीतून एक पिल्लू आणलं होतं. गोंडस होतं. अख्ख्या गावाने त्याला कडेवर घेतलं. ते शिंकायला लागलं आणि मेलं.

“मला कळवलं का नाही?”

“कळवणार होतो,” मास्तर म्हणाले. “पण तुम्ही एवढे आपुलकीनं पत्र लिहिता. त्याला उत्तरात मढ्याची बातमी कुठं द्यायची?”

डॉक्टरांना रागवायचं होतं. पण हे लोक त्यांच्याशी खोटं बोलले नव्हते, नुसते चांगले वागले होते. खोटं पकडता येतं. चांगुलपणाला कुठून धरायचं, हे त्यांना कोणत्याच महाविद्यालयाने शिकवलं नव्हतं.

दुपारी त्यांनी बंदराच्या वायरलेसवरून मुख्यालय गाठलं.

“सर, खोकडांची लस पाठवा. ताबडतोब.”

“पेटीभर दिलीय की,” साहेब म्हणाले.

“ती कुत्र्यांची. ती खोकडांना चालत नाही. टोचली तर तिनंच मरतील.”

“कमाल आहे. दिसायला तर कुत्री आणि खोकडं सारखीच असतात. मग प्रस्ताव पाठवा. समितीपुढे ठेवतो.”

“समिती कधी बसते?”

“अध्यक्ष आजारी आहेत.”

“काय झालंय त्यांना?”

“सर्दी. पण त्यांचं वय बघता काळजी घेतलेली बरी.” साहेब जरा थांबले. “आणि डॉक्टर, समुद्र खवळायला लागलाय म्हणे. या महिन्यात आता बोट सुटेलसं वाटत नाही. तुम्ही मात्र जपा हं.”

वायरलेसवाल्याने कानावरचे हेडफोन काढून ठेवले आणि चहाचा पेला पुढे सरकवला. डॉक्टरांनी तो घेतला. समिती बसेल, लस येईल, बोटही सुटेल. पण वरातीमागून घोडं. मेलेलं ते एकच खोकड आजारी असेल, रोग वर टेकडीवरच्या खोकडांपर्यंत पोचला नसेल, एवढी एकच आशा उरली होती. खोकडं धरायला लावलेले पिंजरे बघायला ते टेकडीवर निघाले.

टेकडीवर म्हातारी होती. म्हणजे एक खोकडाची मादी. डॉक्टरांनी तिला पहिल्यांदा धरलं तेव्हा ती त्यांच्या अंगठ्याला कडकडून चावली होती. मग तिला कळलं की पिंजऱ्यात मासा मिळतो, एक सज्जन माणूस येऊन वजन करतो, जरा टोचतो आणि सोडतो. तेव्हापासून ती हंगामात आपण होऊन पिंजऱ्यात येऊन बसे. डॉक्टरांना यायला उशीर झाला तर नापसंतीने बघे. दोघांच्याही दाढा पडत चालल्या होत्या.

आजही ती आत होती. मासा जसाच्या तसा होता.

“काय गं,” डॉक्टर म्हणाले.

तिने आवाजाकडे तोंड वळवलं. डोळे चिकटले होते. जबडा हलत होता, घरामागच्या त्या कुत्रीसारखा, रिकाम्या तोंडाने.

त्यांनी दार उघडलं. ती बाहेर आली, स्वतःभोवती एक फेरी मारली, त्यांच्या बुटाला धडकली आणि तिथेच बसली. कायमचं झोपवायचं इंजेक्शन बॅगेत होतं. डॉक्टरांचा हात बॅगेपर्यंत गेला आणि तिथेच राहिला. मग ती उठली आणि गवतात शिरली. गवत थोडा वेळ हललं. ते कुठपर्यंत हलतंय हे बघत डॉक्टर उभे राहिले. पलीकडच्या उतारावर आणखी पिंजरे होते. पण तिकडे जाऊन त्यांना फक्त आकडा कळला असता.

ते खाली आले तेव्हा ऊन कलत होतं आणि शाळेपुढे रांग लागली होती.

सगळं गाव होतं. कोणाच्या कडेवर, कोणाच्या हातगाडीवर, कोणाच्या कोटात गुंडाळलेली कुत्री होती. लंगडी, पू वाहणारी, केस झडलेली, झटके येणारी. आंघोळ एकालाही घातलेली नव्हती.

“मी घंटा दिली,” मास्तर हळूच म्हणाले. “म्हटलं, आता खरीखुरी आणा. एकही घर मागं राहिलेलं नाही, डॉक्टरसाहेब.”

त्यांच्या आवाजात थोडा अभिमान होता. डॉक्टरांनी मान डोलवली. ज्या दिवसाची ते इतकी वर्षं वाट बघत होते, तो आज आला होता. त्या दिवसाला द्यायला त्यांच्याकडे काही नव्हतं.

रांगेत सर्वांत पुढे काकू होत्या. डॉक्टर दर वर्षी त्यांच्याच घरी उतरत, त्यांच्याच हातचं जेवत. काकूंच्या हातात जुन्या शालीत गुंडाळलेलं एक थोराड कुत्रं होतं.

“हा आमचा,” काकू म्हणाल्या. “लाकडांच्या खोलीत असतो. भुंकला की तुम्ही विचारायचात आणि मी म्हणायचे, शेजाऱ्यांचा आहे.”

“तुम्हाला शेजार कुठाय, काकू?”

“नाहीच. पण तुम्ही कधी तसं म्हणाला नाहीत.”

“बरं दिसलं नसतं,” डॉक्टर म्हणाले.

काकूंनी कुत्रं टेबलावर ठेवलं. शाल जरा नीट केली.

“होईल बरा?”

“नाही.”

“आणि हे बाकीचे?”

“यातलं एखाददुसरं वाचेल. कुठलं, ते मला सांगता येणार नाही.”

काकूंनी टेकडीकडे पाहिलं. “आणि वरचे कोल्हे?”

डॉक्टरांनी लसीच्या पेटीचं झाकण लावलं. मागे रांगेत कोणाचंतरी कुत्रं खोकलं आणि त्याच्या मालकाने, दुसऱ्याच्या घरी आल्यासारखं, त्याला हळूच गप्प केलं.

“मग तपासा तरी,” काकू म्हणाल्या. “एवढा आणलाय त्याला.”

डॉक्टरांनी बाही वर केली. कोमट पाण्यात कापूस भिजवून कुत्र्याचे डोळे एकेक करून मोकळे केले. मग स्टेथोस्कोप कानाला लावून त्याच्या छातीवर ठेवला. जे ऐकायचं ते लगेच ऐकू आलं. तरी काकू बघत होत्या म्हणून ते आणखी थोडा वेळ ऐकत राहिले.