लॅग मरत नसतो

रोहिदासने लॅपटॉपमधला लॅग काढला आणि तो नवरदेवाच्या काकांमध्ये गेला. हिराजीकाका हसले. पोट हललं, दात दिसले, हातातलं सरबत सांडलं, पण हसू काही ऐकू आलं नाही. ते खुर्चीत जाऊन बसले, तोंड पुसलं, मोबाईल बघायला लागले, तेव्हा कुठे त्यांचं हा हा हा मंडपात आलं.

"घ्या! गेला काकांत," रोहिदास म्हणाला. त्याला त्याचं काही वाटलं नाही. लॅग मरत नसतो, हे डीजेच्या धंद्यात सगळ्यांनाच ठाऊक. मशीनमधून काढला की ज्याच्या गळ्यात हेडफोन असेल त्याच्यात शिरतो. आता काकाच हौसेने हेडफोन घालून उभे राहिले, त्याला रोहिदास तरी काय करणार?

खरं तर ही वेळच यायची नव्हती. त्याचा चांगला लॅपटॉप आदल्या हळदीत भिजून बसला, म्हणून मेव्हण्याचा उसना आणला. त्यात धड सॉफ्टवेअर टाकता येईना, म्हणून ब्राउझरमध्येच उघडलेलं. बटण आत्ता दाबा, गाणं मागाहून. आणि उरणकडची हळद म्हणजे काय चेष्टा आहे का! पावलं आधी पडत होती, ठोका नंतर, नाचणारे एकमेकांवर आपटत होते. नवरदेवाचा भाऊ येऊन बजावून गेला, "दादा, जमत नसेल तर सांगा, दुसरा बोलावतो." दुसरा आला असता तर पुढच्या लगीनसराईत रोहिदासला कुणी दारात उभं केलं नसतं.

म्हणून त्याने ब्लूटूथ काढून स्पीकरला वायर जोडली होती, उघड्या टॅब एकेक बंद केल्या होत्या. तेवढा लॅग काकांत गेला, पण थोडा उरलाच. मग आवाज आधी साठवून मागाहून सोडणारी ती बफरची पट्टी त्याने पार खाली ओढली. गाणं बरोबर पावलावर आलं. मंडप नुसता उसळला. "आता कसं!" म्हणत रोहिदास मागे वळला, तर हेडफोन आर्वीच्या गळ्यात.

आर्वी त्याची लेक, नुकती बालवाडीत जायला लागलेली. बायको प्रमिला तिला घेऊन हळदीला आली होती. पोरीने काकांच्या खुर्चीवरचे हेडफोन उचलून आणले होते. तिने बापाकडे बघून ओठ हलवले. मग वायरीत पाय अडकून पडली, गुडघा फुटला, तोंड वासलं. प्रमिलाने उचललं, फुंकर घातली, हातात जिलेबी दिली. पोरगी जिलेबी खात हसायला लागली, आणि तेव्हा आधी "बाबा, बघ" आलं, मग भोकाड.

प्रमिला घाबरली. "काढा तो तिच्यातून. आत्ताच्या आत्ता! कुठे पडलीबिडली तर मला कळायचं कधी?"

"काढतो. पण कुणाला तरी घ्यावा लागेल."

"मला द्या."

"तुला कशाला? तू दिवसभर तिच्या मागे ओरडत असतेस. मी काय बोलतो? माझं सगळं हे स्पीकरच बोलतात."

पोरीवर जीव होता त्याचा. त्याने पेज रिफ्रेश केलं. सगळ्यांमधला लॅग लॅपटॉपमध्ये परत आला, काकांची शिंक जागच्या जागी वाजली. हेडफोन स्वतःच्या गळ्यात अडकवून त्याने परत उघडलेल्या टॅब बंद केल्या, पट्टी पुन्हा खाली ओढली. "बाबा, अजून जिलेबी," आर्वी म्हणाली, ते ओठांबरोबरच आलं. प्रमिलाने तिचे पटापटा मुके घेतले आणि जिलेबी आणायला गेली. "बघ, सांगितलं नव्हतं?" रोहिदास म्हणाला. ते त्याला स्वतःलाही ऐकू आलं नाही.

मंडपाच्या कडेला जनरेटरवाला कमलाकर आपला टेम्पो मागे घेत होता. एक फुगा सुटून त्या बाजूला गेला, आणि फुग्यामागे आर्वी.

रोहिदास ओरडला. मानेच्या शिरा ताणल्या, घसा सोलून निघाला. गाणं ठोक्याठोक्याला चोख वाजत होतं. त्याने टेबल ढकललं, पण दोन्ही बाजूंना छातीएवढे स्पीकर, आणि पायात वायरी. मग त्याने गाणं बंद केलं. ते जिथल्या तिथे थांबलं.

"काय झालं दादा?" नवरदेवाच्या भावाने विचारलं.

रोहिदासने हात केला. सगळ्यांनी तिकडे पाहिलं. टेम्पो थांबलेला होता. कमलाकर दार उघडून खाली उतरत होता, मागे न बघता.

"बघ, सांगितलं नव्हतं?" मंडपात रोहिदासचा आवाज आला, खुशीतला. मग आलं, "आर्वी! मागे सर! आर्वी!"

प्रमिला जिलेबीची पत्रावळ टाकून धावली आणि मध्येच थांबली. ती कान देऊन ऐकत होती. आर्वीमध्ये लॅग उरला नव्हता. ती रडत असती, तर आत्ताच ऐकू यायला हवं होतं.